खेकड्याचं चिकटलेलं पान

प्रांजलने पान उलटलंच नाही आणि तरी पुढची ओळ म्हणाली.

मी तिच्या समोरच बसले होते. मुलांची जेवणं झाली होती, पातेली घासून पालथी घातली होती, आणि चौथीची सात मुलं व्हरांड्यात माझ्याभोवती बसली होती. पुस्तक प्रांजलच्या मांडीवर होतं. ओळीखालून बोट फिरवत ती वाचत होती, अगदी बाईंनी शिकवलं होतं तसं. "बगळा म्हणाला, खेकडेभाऊ, समुद्र तुझं घर मोडत नाही. तूच त्याच्या वाटेत घर बांधतोस." आवाज स्वच्छ. कुठे अडखळणं नाही.

फक्त बगळ्याचं पान तिच्यासमोर नव्हतं. तिच्यासमोर कासवाचं पान होतं. तिचं बोट कासवाच्या ओळींखालून फिरत होतं आणि तोंड बगळ्याचं बोलत होतं. बगळ्याची दोन पानं एकमेकांना चिकटलेली होती. मला ते माहीत होतं, कारण चिकटवली मीच होती. चार दिवसांपूर्वी खिचडीचा हात नीट न धुता मी पुस्तक उचललं. भाताचा चिकटा सुकला की डिंकासारखा धरतो. सोडवायला गेले तर कागद फाटायला लागला, म्हणून तसंच ठेवलं आणि कोणाला सांगितलं नाही.

बाकीच्या मुलांना काही वाटलं नाही. त्यांनाही ती गोष्ट पाठ होती. प्रांजलने कासवाचं पान उलटलं आणि सुरूच्या झाडाचं पान सुरू केलं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत खिचडी शिजवते. कागदावर आम्हाला स्वयंपाकी तथा मदतनीस म्हणतात, शाळेत सगळे मावशी म्हणतात. रेवदंड्याच्या अलीकडे, खाडीच्या कडेला आमचं गाव आहे. शाळेत पहिली ते चौथी, दोन खोल्या, दोन शिक्षक. पहिली-दुसरी सरांकडे, तिसरी-चौथी बाईंकडे. सकाळी साडेनऊला मी तांदूळ निवडायला बसते. डाळ, तांदूळ, तिखट-मीठ मोजून घालायचं. शिजलं की मुलांना वाढायच्या आधी अर्धा तास शिक्षकांनी चाखायचं आणि एका वहीत लिहायचं, चव चांगली आहे, मीठ बरोबर आहे. तिला चव रजिस्टर म्हणतात. काही बरंवाईट झालं तर ती वही दाखवायची असते. आमच्याकडे ती वही सोमवारी बसून शनिवारपर्यंतची एकदम भरतात. मी त्यावर कधी काही बोलले नाही. मी फार बोलत नाही.

माझं शिक्षण याच शाळेत चौथीपर्यंत. पाचवीला रेवदंड्याला जावं लागायचं. घरात धाकटी भावंडं होती, आई सुक्या मासळीच्या कामाला जायची, तेव्हा चौथीनंतर माझं दप्तर बंद झालं. पण वाचायची सवय सुटली नाही. किराणा बांधून आलेला कागदही मी वाचल्याशिवाय टाकत नाही. हे शाळेत कोणाला माहीत नव्हतं.

या बाई दोन वर्षांपूर्वी बदलीवर आल्या. सोलापूरकडच्या. समुद्र त्यांनी आधी सहलीत पाहिला होता तेवढाच. कामाला चांगल्या. त्या मुलांना मारत नसत, वेळेवर येत, आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी सरांना विचारलं की गोष्टीची पुस्तकं कुठे आहेत.

पुस्तकं होती. लोखंडी कपाटात, कुलपात. दीड-दोनशे तरी असतील, रंगीत, मोठ्या अक्षरांची. सर म्हणाले, पुस्तकं मुलांच्या हातात दिली की फाटतात. तपासणीला मोजतात, कमी भरली तर नोटीस मला येते. आधीचे गुरुजी निवृत्त झाले तेव्हा तीन पुस्तकांसाठी त्यांची फाईल अडकली होती. तेव्हापासून कपाट फक्त तपासणीच्या दिवशी उघडतं. पुस्तकं इतकी नवी आहेत की उघडताना करकर वाजतात.

बाईंनी पुष्कळ विनवण्या केल्या. शेवटी सरांनी एक पुस्तक काढून दिलं. तेही बाईंच्या सहीवर.

एका खेकड्याचं पुस्तक होतं ते. खेकडा किनाऱ्यावर घर करतो, भरती येऊन मोडून जाते. तो वीस पावलं मागे सरकतो, पुन्हा करतो, पुन्हा मोडतं. वाटेत कासव भेटतं, बगळा भेटतो, सुरूचं झाड भेटतं. शेवटी भरतीच्या रेषेच्या वर त्याचं घर होतं. एवढीच गोष्ट. पण प्रत्येक पानाच्या शेवटी "खेकडा वीस पावले चालला. आणि थांबला." असं येतं, ते मुलांना फार आवडायचं. पुस्तकात खेकडा, मुलं म्हणायची चिंबोरी.

बाईंनी ठरवलं की एकच पुस्तक मिळालंय तर त्याच्यातूनच सगळं शिकवायचं. भाषा त्यातून, गणित त्यातून, परिसर अभ्यास त्यातून. खेकडा तीन वेळा वीस पावलं गेला तर किती? घर किती हात रुंद? सुरूचं झाड कुठे वाढतं? असे प्रश्न त्यांनी वहीत लिहून काढले होते. मी खिडकीतून ऐकायचे. मला ते आवडलं होतं. आम्हाला शाळेत पाढे पाठ करायला लावायचे, तेव्हा त्या आकड्यांत काय मोजायचं आहे ते कोणी सांगितलं नव्हतं.

मी वर्गात गेले ती भरतीमुळे. पुस्तकाच्या एका चित्रात सूर्य उगवलाय आणि समुद्र लांब आहे, दुसऱ्यात सूर्य बुडतोय आणि समुद्र जवळ आलाय. त्यावरून बाईंनी शिकवलं की सकाळी ओहोटी असते आणि संध्याकाळी भरती. वर्ग हसला. एक मुलगा म्हणाला, "बाई, मग आमची बोट रोज सकाली चिखलात बसंल." बाईंना वाटलं चेष्टा करतोय. त्यांनी त्याला उभं केलं.

ते सांगायला मला तीन दिवस लागले. चव बघायला त्या आल्या तेव्हा मी ताटलीकडे बघत म्हणाले की बाई, भरती रोज पाऊण-एक तास पुढे सरकते. पोरगा खोडी काढत नव्हता. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी वहीत लिहून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी मला हात पुसून वर्गात यायला सांगितलं. मुलांना म्हणाल्या, "आज मावशी शिकवणार आहेत."

मी मुलांकडे बघितलंच नाही. फळ्याकडे बघून बोलले. पौर्णिमा-अमावास्येला पाणी जास्त चढतं ते उधाण, अष्टमीच्या आसपास कमी चढतं तो भांग. हे मुलांना माहीतच होतं, पण शाळेत ते बोलायचं असतं हे त्यांना माहीत नव्हतं. मग कोणाचा बाप कधी बोट काढतो, कधी परत येतो, असं करत करत फळ्यावर आठवडाभराचं भरतीचं वेळापत्रक झालं. विसाचा पाढाही असाच. घरी सुका बांगडा विसाच्या ढिगाने लावतात. पाच ढीग म्हणजे किती हे कोणीही सांगेल. पाच गुणिले वीस म्हटलं की खाली बघायचे. मी म्हणाले, खेकड्याची वीस पावलं म्हणजे एक ढीग समजा. त्या दिवशी सगळ्यांची गणितं बरोबर आली.

त्यानंतर बाईंनी मला दुपारी अर्धा तास दिला. त्यांना मोबाईलवर माहिती भरायची असायची. मुलांची हजेरी, तांदूळ किती, झाडं किती लावली, त्यांचे फोटो. ती संपायचीच नाही. म्हणून भांडी झाली की मी चौथीला घेऊन व्हरांड्यात बसायचे आणि गोष्ट वाचून दाखवायचे. रोज तीच, कारण दुसरी कपाटात होती. एकदा मी सरांना दुसऱ्या पुस्तकाचं विचारलं. ते म्हणाले, "मावशी, तुम्ही खिचडीचं बघा."

मुलं आधी ऐकायची, मग माझ्याबरोबर म्हणायची, मग एकेक जण पुस्तक हातात घेऊन वाचायची. मला वाटलं मुलं वाचायला लागली. काही खरंच लागली होती. त्यांच्याकडून घरी कोणीतरी अक्षरं गिरवून घेत होतं.

प्रांजलच्या घरी कोणी नव्हतं. बाप खलाशी, आई मासळीची टोपली घेऊन रिक्षाने अलिबागला जाते ती दुपारनंतर येते. घर आजीच्या हातात, हिराबायच्या. अंगणात काठ्या बांधून बोंबील वाळवतात, जवळा पसरतात, आणि त्याला सतत माणूस लागतं. उलटवायला, कावळे हाकायला, निवडायला. हिराबायने चौथीच्या सुरुवातीलाच बाईंना सांगितलं होतं की पोरीला वाचता यायला लागलं तर पाचवीला रेवदंड्याला पाठवीन. न्हाय तर चार वर्सं बसली तेवढी पुरे. हे तिने माझ्यादेखत सांगितलं होतं. मला ते ओळखीचं होतं.

शाळेत मुलांचं वाचन तपासायचा एक तक्ता असतो. पहिला रकाना अजून अक्षरं शिकणाऱ्यांचा, मग शब्द, मग वाक्य, मग उतारा, आणि शेवटी गोष्ट वाचणाऱ्यांचा. दिवाळीपर्यंत प्रांजल अक्षराच्या रकान्यात होती. तिसरीतही तिथेच होती. नाताळच्या सुमारास बाईंनी तिला खेकड्याचं पुस्तक वाचताना ऐकलं आणि एकदम शेवटच्या रकान्यात घातलं. मी तेव्हा घरी जाऊन देवापुढे साखर ठेवली होती.

आणि आता फेब्रुवारीत ती चिकटलेलं पान वाचत होती.

त्या दिवशी मुलं गेल्यावर मी तिला थांबवलं. पुस्तक मधूनच उघडलं आणि चित्रावर तळहात ठेवला, नुसत्या ओळी दिसतील असा. म्हटलं, हे वाच.

ती ओळींकडे बघत राहिली. मग माझ्या हाताकडे. मग म्हणाली, "मावशी, हात काढ ना. कुठलं पान हाय ते कसं कळंल?"

मी हात काढला. चित्रात कासव होतं. तिने लगेच धडाधडा म्हणून दाखवलं आणि माझ्याकडे बघून हसली. तिने काही लपवलं नव्हतं. तिला वाटत होतं वाचणं म्हणजे हेच. चित्र बघायचं, बोट फिरवायचं आणि मावशी जे म्हणते ते म्हणायचं. मी तिला दुसरं काही दाखवलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चव घ्यायच्या वेळी मी बाईंना सांगितलं. या वेळी तीन दिवस घेतले नाहीत. पानाचंही सांगितलं, माझ्या हाताने चिकटल्याचं.

बाईंनी चमचा खाली ठेवला. मग म्हणाल्या की ट्रेनिंगमध्ये सांगितलं आहे, पाठ म्हणणं हीसुद्धा वाचनाची एक पायरी असते. मुलं तशीच पुढे जातात.

पायरी असेल. पण तक्त्यात ती माडीवर बसली होती.

मी एवढंच म्हणाले की मग तिला खालच्या रकान्यात घ्या आणि उरलेल्या दिवसांत अक्षरं करून घेऊ. बाईंनी दाराकडे बघितलं आणि आवाज खाली आणला.

"मावशी, पुढच्या बुधवारी साहेब येणार आहेत. आपला एका पुस्तकाचा उपक्रम जिल्ह्याला पाठवायचाय. प्रांजलचंच वाचन मी त्यात लिहिलंय, अक्षरापासून गोष्टीपर्यंत तीन महिन्यांत. आता तिला खाली कसं घेऊ?"

मी पातेल्यावर झाकण ठेवलं.

"बुधवार होऊ दे. मग करू आपण. तोवर दुसरं पुस्तक तिच्या हातात पडू देऊ नका."

दुसरं पुस्तक पडायचा प्रश्नच नव्हता. ते मी त्यांना म्हणाले नाही.

साहेब म्हणजे केंद्रप्रमुख. दहा-बारा शाळा एका केंद्रात असतात, त्यांच्यावर हा माणूस असतो. शाळेत येतो, वह्या बघतो, शेरा लिहितो. बुधवारी साहेब आले. कपाट उघडलं होतं, पुस्तकं रांगेने मांडली होती, त्यांना हात लावायचा नाही असं मुलांना सकाळीच सांगितलं होतं. साहेबांनी आधी खिचडी चाखली. चव रजिस्टर उघडलं. त्यात त्या दिवसाची चव आधीच लिहिलेली होती. त्यांनी बघितलं आणि पान उलटलं.

काही पालकांना बोलावलं होतं. हिराबाय आली होती, धुवट लुगडं नेसून, भिंतीशी बसली होती. तिच्या हातांना सुक्या बोंबलाचा वास होता आणि ती ते हात पदराखाली ठेवत होती. मी दारात उभी होते.

प्रांजलला उभं केलं. तिने पुस्तक उघडलं आणि सुरू केलं. साहेबांनी मोबाईल काढला आणि तिचा व्हिडिओ घ्यायला लागले. त्यांचं सगळं लक्ष मोबाईलच्या काचेत. कासव आलं, कासव संपलं. तिने पान उलटलं नाही आणि बगळा म्हणाली. मग उलटलं आणि सुरूचं झाड म्हणाली. एखाद्याने नुसतं मान पुढे करून पुस्तकात बघितलं असतं तरी पुरे होतं. बाईंनी खिडकीबाहेर बघितलं. मी बाईंकडे बघितलं. "खेकडा वीस पावले चालला. आणि थांबला." मुलांनी टाळ्या वाजवल्या.

साहेब हिराबायला म्हणाले, "आजी, नात हुशार आहे हो. पाचवीला घाला तिला. घरी बसवू नका."

हिराबायने दाराकडे बघितलं आणि सगळ्यांदेखत मला विचारलं.

"मना अक्षर कळत न्हाय. हे लोक काय, चांगलंच बोलतात. तू आमच्यातली हायस, तू सांग. पोरगी वाचते?"

त्या एका क्षणात माझ्या मनात काय काय आलं ते मी पुष्कळदा आठवून बघितलं आहे. न्हाय म्हटलं तर साहेबांसमोर बाईंची मान खाली जाणार. माझा दुपारचा अर्धा तास जाणार. हे दोन्ही आलं, खोटं कशाला सांगू. पण सगळ्यांत आधी आलं ते हे, की न्हाय म्हटलं तर पोरगी घरी बसणार, आणि व्हय म्हटलं तर रेवदंड्याला जाणार. तिथे मोठी शाळा, जास्त शिक्षक. तिथे शिकेल. माझ्या वेळी कोणी माझ्यासाठी असं एक खोटं बोललं असतं तर मी पाचवीला गेले असते असंही वाटलं.

"वाचते," मी म्हणाले.

हिराबायने मान हलवली. "मग जाईल."

परीक्षा झाली, सुट्टी लागली. मी ठरवलं होतं की मे महिन्यात प्रांजलला रोज तासभर घरी बोलवायचं आणि क-ख पासून करून घ्यायचं. जूनच्या आत तीस दिवस मिळतात. पाऊस यायच्या आधी सगळ्या घरांत सुक्या मासळीची घाई असते हे माहीत होतं, तरी गेले. हिराबाय जवळा पाखडत होती. मी म्हटलं, पोरीला तासभर पाठव, वाचन पक्कं करून घेते.

तिने सूप थांबवलं नाही. "तूच बोललीस ना वाचते म्हणून. येतं ते पुन्हा कशाला शिकवायचं? जूनपासून दिवसभर शालेतच जाईल, तवर तरी हाताखाली राहू दे."

मला तिथेच सांगता आलं असतं. अंगणात आम्ही दोघीच होतो. प्रांजल पलीकडे काठ्यांवर बोंबील उलटवत होती. मी म्हणाले, बरं, आणि उठून आले. सुट्टीत मी तीनदा तशी गेले आणि तीनदा जवळा विकत घेऊन परत आले.

बाई मेमध्ये गावी गेल्या होत्या. जूनमध्ये आल्या तेव्हा उपक्रमाची जिल्ह्याला निवड झाली होती. 'एक पुस्तक, तीन विषय' असं त्याचं नाव. अलिबागला मोठ्या हॉलमध्ये त्यांनी तो पडद्यावर दाखवला. मला त्यातला कागद दाखवला त्यांनी. माझं नाव नव्हतं, पण मी होते. "स्थानिक संसाधन व्यक्तीची मदत घेतली" असं लिहिलं होतं. संसाधन म्हणजे काय ते मला विचारावं लागलं. बाईंनी माझ्यासाठी पेढे आणले होते. मी त्यांना प्रांजलचं विचारलं. त्या म्हणाल्या, आता ती आपल्या पटावर नाही, मावशी. तिथले शिक्षक बघतील.

तिथल्या शिक्षकांनी बघितलं. पाचवीच्या वर्गात साठ मुलं. पहिल्याच आठवड्यात एकेकाला उभं करून धडा वाचायला लावला. प्रांजलची पाळी आली तेव्हा तिने पान बघितलं. त्यात चित्र होतं एका धरणाचं. ती गप्प राहिली. शिक्षकांना वाटलं लाजते, म्हणून त्यांनी दुसऱ्या दिवशी पुन्हा उभं केलं. मग रोज. हे मला तिच्या वर्गातल्या आमच्या गावच्या मुलीने सांगितलं. ती म्हणाली, तिसऱ्या की चौथ्या दिवशी प्रांजलने धडा हातात धरून खेकड्याची गोष्ट म्हणायला सुरुवात केली. साठ पोरं हसली.

त्यानंतर तिचं पोट दुखायला लागलं. आठवड्यातून दोन दिवस, मग चार. गणपतीच्या सुट्टीनंतर ती गेलीच नाही.

शाळेने पालकांना चिठ्ठी पाठवली. हिराबायला वाचता येत नाही. ती चिठ्ठी घेऊन माझ्याकडे आली. दुसऱ्या कोणाकडे जाणार?

मी भांडी घासत होते. हात धुतले, या वेळी नीट पुसले, आणि चिठ्ठी वाचली. लिहिलं होतं, विद्यार्थिनीला अक्षरओळख नाही, सतत गैरहजर असते, पालकांनी समक्ष भेटावे. मी जशीच्या तशी वाचली. वाचताना त्यात मला बदल करता आला असता, खोटं बोलायचं तेवढं शहाणपण मला आलेलं होतं. नाही केला.

हिराबाय कट्ट्यावर बसली. ती ओरडेल असं मला वाटलं होतं. तिच्या तोंडाला सगळं गाव घाबरतं.

"मग त्या दिवशी ती काय वाचत होती?"

मी सांगितलं. मी रोज वाचून दाखवायचे ते तिला पाठ झालं होतं. पान चिकटल्याचंही सांगितलं.

"आनि तुला म्हाईत होतं."

"होतं."

"साहेबाला मी इचारलं न्हवतं. तुला इचारलेलं." तिने चिठ्ठी माझ्या हातातून घेतली, चार घड्या केल्या आणि कमरेला खोचली. "मे महिन्यात आलीस तवा बोलली असतीस तर तुझ्या घरी झोपायला पन पाठवली असती."

तेवढं बोलून ती गेली. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. मीही तिच्याकडून जवळा घेत नाही. घ्यायला गेले तर देईल, पण मला जाववत नाही.

मोठ्या शाळेच्या पटावर प्रांजलचं नाव अजून आहे. म्हणजे सरकारच्या हिशेबी ती शिकतेच आहे. बाईंची यंदा बदली होऊन त्या त्यांच्या गावाजवळ गेल्या. जाताना त्या माझ्या पाया पडल्या. त्या वाईट नव्हत्या. वाईट असत्या तर मला हे लिहिणं सोपं गेलं असतं. खेकड्याचं पुस्तक खराब झालं म्हणून सरांनी त्याच्या जागी नवीन घेऊन कपाटात ठेवलं, आणि जुनं मला दिलं. चुलीला टाका म्हणाले. आमची शेगडी गॅसची आहे. मी घरी आणलं. पातेल्यातल्या वाफेवर धरून ती दोन पानं मी हळूहळू सोडवली. बगळ्याची चोच दुसऱ्या पानाला लागून निघाली. अक्षरं सगळी वाचता येतात.

मागच्या महिन्यात बंदरावरून येताना मी हिराबायच्या कुंपणाशी थांबले. ती अंगणात नव्हती. प्रांजल जवळा निवडत होती आणि शेजारची दोन लहान पोरं तिच्याजवळ बसली होती. ती त्यांना गोष्ट सांगत होती. बोटं जवळ्यात, नजर जवळ्यात. कासव झालं, मग बगळा. एक शब्द इकडचा तिकडे नाही. बगळ्याच्या जागी तिचा आवाज माझ्यासारखा खाली उतरत होता. मी वाचताना तिथे आवाज उतरवायचे. तिने मान वर केली, मला पाहिलं आणि गप्प झाली. पोरं म्हणाली, पुढे सांग ना ताई. ती म्हणाली, "पुढं मना येत न्हाय."

मी निघून आले.

नव्या बाई आल्या आहेत. त्यांनाही गोष्टींतून शिकवायचं आहे, त्यांनाही सरांनी एकच पुस्तक दिलं आहे, या वेळी माकडाचं. दुपारी मुलं पुन्हा व्हरांड्यात येतात. मी वाचून दाखवते, त्यांची पाठ होते, ती म्हणतात. फरक एवढाच की आता दर शुक्रवारी मी एकेकाला जवळ बोलावते, पुस्तक मधूनच उघडते आणि चित्रावर हात ठेवते. जी गप्प होतात त्यांची नावं कागदावर लिहून नव्या बाईंच्या टेबलावर ठेवते. परवा त्यांनी विचारलं, मावशी, हे कशाला?

मी म्हणाले, चव बघते.